खाली वजनापासून चलनाच्या पावतीपर्यंत: नव्या ट्रकचालकांसाठी वजनकाटा आणि रस्त्यावरची तपासणी

गाडी काट्यावर जादा भरते, तेव्हा चूक बहुधा दोन-तीनशे किलोमीटर मागे, माल भरताना झालेली असते. भरणारा म्हणतो ‘बसतंय अजून’, मालक फोनवर म्हणतो ‘घेऊन ये’, आणि दंडाच्या चलनावर सही करायची वेळ येते चालकावर. लायसन्सही त्याचंच अडकतं. म्हणून तपासणीची तयारी गोदामाच्या दारातून सुरू करायची. हा लेख महाराष्ट्रात सहाचाकीपासून ट्रेलरपर्यंतची मालगाडी नव्याने हातात घेणाऱ्यांसाठी आहे.

आधी आरसी वाचा

आरसीवरचे दोन आकडे तोंडपाठ हवेत. पहिला, भरलेल्या गाडीचं कमाल एकूण वजन. याला आपल्याकडे ‘पासिंग’ म्हणतात. दुसरा, खाली म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. याशिवाय प्रत्येक ॲक्सलला किती वजन चालतं याचीही नोंद असते. ती बघायची सवय फार थोड्यांना असते.

केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये ॲक्सलच्या मर्यादा वाढवल्या. पुढच्या दोन टायरच्या ॲक्सलला ६ टनांचे ७ टन झाले, मागच्या चार टायरच्या एकेरी ॲक्सलला १०.२ चे ११.५, आणि आठ टायरच्या जोड ॲक्सलला १९ चे २१ टन. त्यामुळे सहाचाकी गाडी साधारण साडेअठरा टन, दहाचाकी २८ टन आणि मोठा ट्रेलर ५५ टनांपर्यंत पास होऊ लागला. पण हे आकडे नियमातले आहेत. तुमच्या गाडीसाठी तिच्या आरसीवर जो आकडा छापलाय तोच चालतो. जुनी दहाचाकी २५ टनांवर पास असेल आणि आरसीत बदल झालेला नसेल, तर शेजारची नवी गाडी २८ टन नेते म्हणून तुम्हाला नेता येत नाही. नव्या चालकाची पहिली मोठी फसगत इथेच होते.

खाली वजन स्वतः करून घ्या

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आरसीवरचं खाली वजन गाडी आरटीओत पास झाली त्या दिवसाचं असतं. त्यानंतर गाडीत काय काय चढतं ते बघा: हौद्याची उंची वाढवलेली असते, तळाला जाड पत्रा मारलेला असतो, कमानपाट्यांत एखादा पाटा वाढवलेला असतो. दुसरी स्टेपनी येते, ती रिमसकट शंभर किलोच्या आसपास भरते. दोन ताडपत्र्या, रस्से, साखळ्या, जॅक, पाण्याचे कॅन, स्टोव्ह, बिछाना हे वेगळंच. ४०० लिटर डिझेल म्हणजे जवळपास ३३० किलो. चालक आणि क्लीनर मिळून दीडशे किलो.

आता हिशेब करून बघू. दहाचाकी गाडी, पासिंग २८,००० किलो. आरसीवर खाली वजन ९,६००. वजाबाकी केली तर माल बसतो १८,४०० किलो, म्हणजे ५० किलोची ३६८ सिमेंटची पोती. पण हीच गाडी टाकी भरून, दोघं बसून, सगळ्या सामानासकट काट्यावर घेतली आणि १०,३४० किलो भरली, तर मालाला उरतात १७,६६० किलो. पोती झाली ३५३. पंधरा पोत्यांचा फरक कागदावर कुठेच दिसत नाही, पुढच्या काट्यावर मात्र दिसतो. काट्या-काट्यात थोडा फरक असतोच, म्हणून आणखी अडीचशे किलो सोडा आणि ३४८ पोत्यांवर थांबा. एकूण वजन २७,७४० किलो होतं.

हे खाली वजन तारखेसह डायरीत लिहा आणि पावतीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. हौद्याचं काम झालं, टायरचा आकार बदलला, पाटे बदलले की पुन्हा करा. पावसाळ्यात चेसिसला आणि चाकांच्या वरच्या पोकळीत चिकटलेला चिखलही वजनात येतो. खाणीवर किंवा ऊसतोडीच्या रानात जाणाऱ्या गाडीला तो चांगलाच जाणवतो.

काट्यावर गाडी कशी घ्यायची

माल भरल्यावर पहिल्या विश्वासू काट्यावर वजन करा, तेही गोदामापासून लांब जाण्याआधी. दोनशे-तीनशे रुपये वाचवायला जाऊन वीस हजारांचा दंड ओढवून घेऊ नका.

१. गाडी चढवण्याआधी काट्याच्या स्क्रीनकडे बघा. शून्य दिसलं पाहिजे. आधीच ४० किंवा ६० दिसत असेल तर काटेवाल्याला शून्य करायला सांगा.

२. हळू चढा आणि प्लॅटफॉर्मवर जोरात ब्रेक मारू नका. सगळी चाकं पूर्ण आत हवीत. मागचं चाक कडेच्या लोखंडी पट्टीवर राहिलं तर वजन कमी दिसतं, आणि ‘कमी भरलं’ या समाधानात गाडी निघते.

३. इंजिन बंद करा, गिअर न्यूट्रलला ठेवा. चालक-क्लीनर गाडीत बसणार की उतरणार ते ठरवा आणि खाली वजनाच्या वेळी जसं केलं तसंच भरल्या वजनाला करा.

४. पावती हातात घेऊन जागेवरच वाचा. गाडी नंबर, तारीख, वेळ, एकूण वजन, खाली वजन, निव्वळ वजन. खाली वजनाच्या ओळीकडे नीट बघा, कारण कित्येक काट्यांवर ते प्रत्यक्ष करत नाहीत. संगणकात जुनं साठवलेलं किंवा तोंडी सांगितलेलं टाकतात. अशा पावतीवरचं निव्वळ वजन खोटं असू शकतं. तपासणीत विचार होतो तो एकूण वजनाचा.

५. शंका आली तर गाडी उलट्या दिशेने पुन्हा चढवून घ्या. दोन वजनांत पन्नास किलोच्या वर फरक आला तर त्या काट्यावर विसंबू नका. प्लॅटफॉर्मखाली खडी अडकली, खड्ड्यात पाणी साचलं, कडेला चिखल दाटला की काटा चुकतो. वैधमापनशास्त्र विभाग काट्याची दर वर्षी पडताळणी करतो. त्याचं प्रमाणपत्र काट्याच्या खोलीत लावलेलं असतं, त्यावरची तारीख बघून घ्या.

आता ॲक्सलचं वजन. एकूण वजन बसलं तरी मागचं जोड ॲक्सल जड असू शकतं, आणि त्याची शिक्षा आधी टायर भोगतात. काट्याचा रस्ता प्लॅटफॉर्मच्या पातळीत असेल तर हे सहज कळतं. आधी फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर घ्या, ब्रेक सोडा, आकडा लिहा. मग पूर्ण गाडी घ्या. दुसऱ्यातून पहिला वजा केला की मागचं वजन मिळतं. समजा पुढे ६,१०० आणि एकूण २७,७०० आलं. म्हणजे मागे २१,६००, मर्यादेपेक्षा ६०० किलो जास्त, आणि पुढे अजून ९०० किलोची जागा आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे पाच मीटर धरलं, तर एक टन माल एक मीटर पुढे सरकवल्यावर मागचे दोनशे किलो पुढे जातात. इथे तीन टन माल एक मीटर पुढे घेतला की झालं. पोती असतील तर हमालांचं अर्ध्या तासाचं काम आहे. लोखंडी कॉइल असेल तर ते भरतानाच ठरवावं लागतं, नंतर क्रेनशिवाय काही होत नाही.

उचलता येणारं ॲक्सल असलेल्या चौदाचाकी-सोळाचाकी गाड्यांत एक वाईट खोड दिसते. टायर वाचवायला भरल्या गाडीत ते ॲक्सल वर ठेवतात. मग त्याच्या वाट्याचं वजन शेजारच्या ॲक्सलवर जातं, ब्रेक तापतात आणि घाटात गाडी आवरत नाही. माल भरला की ॲक्सल खाली, यात तडजोड नको.

टोलवरचा चालता काटा

राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर लेनमध्येच वजन मोजणारे पट्टे बसवलेले असतात. गाडी न थांबता प्रत्येक ॲक्सलचं वजन नोंदलं जातं. इथे एकसारखा, हळू वेग हवा. पट्ट्यावर ब्रेक दाबला तर वजन पुढच्या ॲक्सलवर येतं, ॲक्सिलरेटर दाबला तर मागे जातं, आणि आकडा विचित्र येतो. पुढच्या गाडीशी अंतर ठेवा, म्हणजे नेमकं पट्ट्यावर थांबावं लागणार नाही. चालत्या काट्याने जादा दाखवलं आणि तुमच्या पावतीवर वजन बसत असेल, तर नाक्यावरच्या स्थिर काट्यावर वजन करून मागा आणि तुमची पावती दाखवा. वाद घालायचा तो कागदाच्या जोरावर, आवाजाच्या नाही.

बांधणी आणि माप

गाडीची रुंदी मालासकट २.६ मीटरच्या आत हवी. फाळक्याच्या मागे सळया, पाइप किंवा बांबू बाहेर काढून नेण्याची जुनी सवलत २०१४ मध्ये गेली. लाल कापड बांधून आजही लोक नेतात. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते कापड दिसत नाही, सळई तर दिसतच नाही. माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१ए) खाली २० हजार रुपये दंड आहे, वजन बरोबर असलं तरीही. शिवाय माल उतरवण्याचा खर्च.

ताडपत्री पाऊस असो नसो, बांधाच. खडी, वाळू, राख उघडी नेली की मागच्यांच्या डोळ्यांत जाते आणि ते लगेच नजरेत भरतं. सोयाबीन, कापूस, भुसा हा माल भिजला की जड होतो. निघताना जेमतेम बसवलेलं वजन एका रात्रीच्या पावसात जादा होऊ शकतं.

कागदांची फाईल

एकच प्लास्टिकची फाईल, कागद या क्रमाने: आरसी, फिटनेस, विमा, परमिट, कर भरल्याची पावती, पीयूसी, चालकाचं लायसन्स. त्यामागे मालाचे कागद: बीजक, बिल्टी (ट्रान्सपोर्टरची मालपावती), ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटी पोर्टलवर काढलेला कागद), काट्याची पावती.

फिटनेस आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांचा, त्यानंतर दर वर्षी. व्यावसायिक लायसन्स पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ज्वलनशील किंवा घातक रसायन नेणार असाल तर लायसन्सवर वेगळा शेरा हवा, त्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पीयूसी बीएस-चार आणि बीएस-सहा गाड्यांना वर्षभर चालते. राष्ट्रीय परमिट असेल तर त्याचं वार्षिक शुल्क भरल्याची तारीख परमिटच्या तारखेहून वेगळी असते. परमिट पाच वर्षांचं दिसतं म्हणून निर्धास्त राहायचं आणि वार्षिक प्राधिकारपत्र संपलेलं असायचं, हा नेहमीचा घोळ आहे. सगळ्या मुदती फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले कागद कायद्याने मूळ कागदांइतकेच चालतात. तरीही मोबाईलची बॅटरी आणि रेंज दोन्ही घाटात दगा देतात, म्हणून छापील प्रत सोबत असू द्या. एखादा कागद त्या क्षणी नसेल तर कलम १३० प्रमाणे १५ दिवसांत त्याची साक्षांकित प्रत सादर करता येते. हे शांतपणे सांगा, आणि खरोखर सादर करा.

ई-वे बिलातल्या चुका

माल ५० हजार रुपयांच्या वरचा असेल आणि दुसऱ्या राज्यात जात असेल तर ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख रुपये आहे. बिल काढण्याचं काम पाठवणाऱ्याचं किंवा ट्रान्सपोर्टरचं. पण रस्त्यात गाडी अडते ती तुमची, म्हणून निघण्याआधी चार गोष्टी स्वतः वाचा.

गाडी नंबर भाग ‘ब’ मध्ये, म्हणजे बिलाच्या गाडीची माहिती असलेल्या भागात, बरोबर आहे का? एका अक्षराची चूकही गाडी अडवायला पुरते. मुदत किती? दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. पुणे ते नागपूर सातशेच्या वर किलोमीटर, म्हणजे चार दिवस. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. १० तारखेला रात्री आठला भाग ‘ब’ भरला तर पहिला दिवस ११ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत धरतात. टायर फुटला, गाडी बंद पडली, दरड कोसळली तर मुदत संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवता येते. ही वेळ गेली की वाढत नाही. तेव्हा गाडी बंद पडली की मेकॅनिकच्या आधी ट्रान्सपोर्टरला फोन करा. तिसरं, गाडी बदलली तर भाग ‘ब’ नव्या नंबरने भरल्याशिवाय हलू नका. चौथं, मालाचं नाव आणि नग बीजकाशी जुळतात का ते बघा.

वाळू, मुरूम, खडी असेल तर महसूल विभागाची वाहतूक पावतीही लागते. ती ‘महाखनिज’ प्रणालीतून निघते आणि तिच्यावर वेळ छापलेली असते. वेळ उलटल्यावर तीच पावती पुन्हा वापरणं म्हणजे चोरटी वाहतूक धरली जाते आणि गाडी थेट तहसीलच्या आवारात उभी राहते.

निघण्याआधीची दहा मिनिटं

तपासणी करणारा अधिकारी गाडीभोवती जसा फिरतो तसं तुम्हीच आधी फिरा. पुढच्या डाव्या चाकापासून सुरू करा, उजवीकडून परत या.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. जोड टायरांमध्ये अडकलेला दगड काढा. नटांभोवती गंजाची ओली रेघ दिसली तर नट सैल आहे. परावर्तक पट्ट्या पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल. चिखल पुसला नसेल तर असून नसल्यासारख्या. मागचा आणि बाजूचा संरक्षक दांडा शाबूत हवा. दगडावर बसून वाकला असेल तर तो नुसता दंडाचा विषय नाही, मागून आलेली कार हौद्याखाली घुसू नये म्हणून तो असतो. हेडलाइट, ब्रेकलाइट, चारही इंडिकेटर क्लीनरला मागे उभं करून बघा. नंबरप्लेट पुसा, दोन्हीकडची. वेगनियंत्रकाची वायर कुणी काढली नाही ना ते बघा. मालगाड्यांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा त्यानेच राखली जाते. ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा सात-आठ किलोवर आला की इंजिन बंद करून मिनिटभर कान द्या. फुस्स आवाज येत असेल तर गळती शोधा. केबिनमध्ये त्रिकोण, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि दोघांचे सीटबेल्ट.

आणि झोप. मोटार वाहतूक कामगार कायद्यात (२०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने त्याची जागा घेतली) दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. लाल डोळ्यांनी तपासणीला सामोरा जाणारा चालक चुकीचा कागद पुढे करतो, चिडतो, आणि साधी गोष्ट वाढवतो.

हात दाखवला, आता काय

तपासणी फक्त राज्याच्या सीमेवरच होते असं समजू नका. आरटीओचं फिरतं वायुवेग पथक, महामार्ग पोलीस, जीएसटीचं पथक आणि वाळू-खडीसारख्या गौण खनिजासाठी महसूलचं पथक कुठेही थांबवू शकतं.

डावा इंडिकेटर द्या, हळू करत पूर्ण डांबराबाहेर घ्या. हँडब्रेक, इंजिन बंद, उतार असेल तर चाकाला लाकडी ठोकळा. रात्री केबिनचा दिवा लावा. क्लीनरला गाडीपाशी ठेवा. गाडी सोडून दोघांनीही जाऊ नये. फाईल घेऊन उतरा आणि दोन वाक्यांत सांगा: ‘नमस्कार साहेब. सिमेंट आहे, ३४८ पोती, काट्याची पावती वर लावली आहे.’ एवढं नेमकं बोलणाऱ्या चालकाची निम्मी तपासणी तिथेच होते. पावती नाही, वजन माहीत नाही, ‘मालक सांगेल’ असं म्हणणाऱ्याची गाडी काट्यावर जाते.

गणवेशातले पोलीस लायसन्स मागू शकतात. विमा, फिटनेस, परमिट मोटार वाहन विभागाचा अधिकृत अधिकारी मागू शकतो. साध्या कपड्यातल्या माणसाने कागद मागितले तर ओळखपत्र दाखवायची विनंती करा. विनंतीच, दरडावणी नको. ऑनलाइन कागद एकदा तपासले की त्याची वेळेसह नोंद पोर्टलवर व्हावी असा नियम आहे. पुढे पुन्हा थांबवलं तर आधीची तपासणी कुठे, किती वाजता झाली ते सांगा.

पळून जायचं नाही, आणि काटा टाळायला आडरस्त्याने गाडी घालायची नाही. वजनाला नकार दिला किंवा वजनाआधी माल उतरवला तर कलम १९४(२) प्रमाणे ४० हजार रुपये दंड, म्हणजे जादा वजनाच्या मूळ दंडाच्या दुप्पट.

वजनाला नेलं आणि जादा निघालं

कलम ११४ प्रमाणे अधिकारी तुम्हाला वजन करायला नेऊ शकतो, पण काटा पुढच्या मार्गावर १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असावा लागतो. काट्यावर वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी इथेही बघा: शून्य, चाकं, पावतीवरचा नंबर. काही खटकलं तर तेव्हाच, नम्रपणे दुसऱ्यांदा वजन करायला सांगा. गाडी काट्यावरून उतरल्यावर बोलून फार उपयोग नसतो.

जादा निघालं तर मूळ कायद्यातला हिशेब असा: २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. तीन टन जादा असेल तर २६ हजार. माल उतरवण्याचा खर्च वेगळा, आणि जादा माल उतरल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. उतरवलेल्या मालाची जबाबदारी तुमच्याकडचीच राहते. म्हणून लगेच दोन फोन करा. मालकाला सांगा की दुसरी गाडी आणि हमाल पाठवा. ट्रान्सपोर्टरला सांगा की उरलेला माल दुसऱ्या गाडीत चढण्याआधी ई-वे बिलात त्या गाडीची नोंद करा. रस्त्याकडेला पोती ठेवावी लागली तर खाली ताडपत्री, वर ताडपत्री, आणि मोजलेल्या नगांचा फोटो.

माल उतरवण्याचा आदेश लेखी असतो, त्याची प्रत मागून घ्या. चलनावर कलम, वजन, काट्याचं ठिकाण आणि वेळ वाचा. लायसन्स जप्त केलं तर पोचपावतीशिवाय निघू नका. त्या पोचपावतीवरच तिच्यातल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते.

इथे एक गोष्ट मालकांनी सांगितलेली नसते. मालगाडीत जादा वजन नेणाऱ्या चालकाचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना दिले आहेत. दंड मालक भरेल, पण तीन महिन्यांचा पगार कोण देणार? उलट बाजूही आहे: कायदा ‘चालवणारा’ एवढंच म्हणत नाही, ‘चालवायला लावणारा’ही त्यात आला. चालक मालक नसेल तर मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने हे झालं असं न्यायालय धरू शकतं. म्हणून जादा भरायला सांगितलं तर फोनवर हुज्जत घालू नका. खाली वजनाची पावती आणि ‘३४८ पोत्यांवर जात नाही’ असा एक संदेश लिहून पाठवा. लेखी गेलेल्या संदेशानंतर बहुतेक जण आग्रह सोडतात.

जीएसटीचं पथक

हे पथक माल आणि कागद जुळवतं. तुमचा जबाब ‘एमओव्ही-०१’ नमुन्यात लिहून घेतात. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. माल कुठे भरला, कुणी भरला, किती नग, एवढं खरं सांगा. मालाची किंमत किंवा कर याबद्दल अंदाजाने बोलू नका, ‘ट्रान्सपोर्टरला विचारा’ म्हणा. तपासणी अहवालाचा पहिला भाग २४ तासांत आणि पूर्ण अहवाल तीन दिवसांत पोर्टलवर चढवायचा असतो. गाडी तीस मिनिटांपेक्षा जास्त अडवली तर ट्रान्सपोर्टर पोर्टलवर ‘ईडब्ल्यूबी-०४’ नमुन्यात तशी नोंद करू शकतो. एकदा राज्यात मालाची प्रत्यक्ष तपासणी झाली की करचुकवेगिरीची ठोस माहिती असल्याशिवाय त्याच राज्यात पुन्हा करत नाहीत. पहिल्या तपासणीचा कागद त्यासाठी जपून ठेवा.

पैसे आणि पावती

दंड ई-चलनाने. रोख द्यायची वेळ आली तर पावती हातात पडल्यावरच. नाक्याजवळ ‘मी करून देतो’ म्हणणारा दलाल भेटतो. त्याला दिलेले पैसे कुठल्याच हिशेबात येत नाहीत आणि पुढच्या फेरीला तो पुन्हा हात पुढे करतो. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर १०३३.

मोबाईलवर चलन आल्याचा संदेश मालकाच्या नंबरवर जातो, चालकाला कळतही नाही. दर महिन्याला परिवहन पोर्टलवर गाडी नंबर टाकून थकीत चलनं बघा. चुकीचं चलन असेल, म्हणजे त्या दिवशी गाडी दुसऱ्या गावात होती वगैरे, तर टोलच्या फास्टॅग नोंदी आणि काट्याच्या पावत्या पुरावा म्हणून लावून तक्रार करता येते.

माल उतरवून झाला की जवळच्या काट्यावर खाली गाडीचं वजन करा आणि डायरीत नवी तारीख टाका. पुढच्या फेरीचं भरणं त्याच आकड्यावरून ठरवा.